नोंदीबाहेरचे नाव

“साइट बंद पडली” असे सांगत कुणी नागनाथ कोंडावार यांच्या केबिनमध्ये शिरले, तर ते खुर्ची वळवत नसत. दाराकडे पाठ, समोर पडदा. पडद्यावरची नजर न काढता ते विचारीत, “कवापासून?”

“आत्ताच. मघापासून.”

“आत्ताच का मघापासून? दोन्ही एकदम नसतंय बापू. येळ सांगा.”

वेळ कुणी पाहिलेली नसे. मग ते शर्टाच्या खिशातून भुईमुगाची शेंग काढीत, फोडीत, दाणे तोंडात टाकीत आणि टरफल टेबलाच्या कडेला रचलेल्या ढिगावर ठेवीत. “जा, घड्याळ बघा, आन् मग या.” त्यांच्या डोक्यावर भिंतीवर ‘येथे खाद्यपदार्थ आणू नयेत’ अशी सूचना चिकटवलेली होती. ती त्यांनीच छापून लावली होती.

आमचे दैनिक नांदेडहून निघते. लातूरला दुसरी आवृत्ती आहे. दोन्हींची मिळून एक वेबसाइट आणि एक ई-पेपर. हा सगळा डोलारा सांभाळणे हे नागनाथरावांचे काम. यंत्रे आमच्या इमारतीत नव्हती. ती भाड्याने घेतलेल्या क्लाउडवर, मुंबईकडच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये होती. कुणी ती पाहिलेली नव्हती, नागनाथरावांनीही नाही. तरी त्यांनी प्रत्येक सर्व्हरला जिल्ह्यातल्या गावाचे नाव दिले होते. बातम्यांचा साठा ज्यात राहतो तो कंधार, कारण “तिथं किल्ला हाय.” वाचकांची सगळी ये-जा ज्यातून होते तो मुदखेड, कारण ते जंक्शन. राखीव प्रती ठेवायच्या तो हिमायतनगर, कारण “ते टोकाला हाय, मधीमधी कोण कडमडत न्हाई.”

त्यामुळे आमच्या कार्यालयात ‘मुदखेडला गर्दी झालीय’, ‘कंधार भरत आलंय’ ही वाक्ये रोजची होती. एकदा साइटवर सूचना लावायची होती. डेस्कने नेहमीप्रमाणे ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवा खंडित’ असे लिहिले. नागनाथरावांनी ते खोडून ‘कंधारवरील जागा संपल्यामुळे’ असे केले. दुपारपर्यंत कंधारहून फोन येत होते. एका वाचकाने विचारले, “ओ साहेब, जागा संपली म्हंजे? आमचा प्लॉट तर आत्ता कुठं नावावर झालाय.”

‘तांत्रिक अडचण’ या दोन शब्दांवर त्यांचा राग होता. “यंत्राला अडचण आली की ते सांगतंय. कुठं, कवा, काय, सगळं. माणसाला सांगायचं नसतंय, तवा तांत्रिक अडचण येती.” दुसरा राग आमच्या ‘असे समजते’वर. छापलेले पान घेऊन ते डेस्कवर येत. “कुणाला समजतंय? कोन समजवून राहिलं?”

“सूत्रांना, नागनाथराव.”

“मग सूत्राला नाव ठेवा. माझ्या मशीनला बी नाव हाय.”

माणूस गोड नव्हता. पन्नाशी ओलांडलेली, बाह्या आखूड असलेले पांढरे शर्ट, मनगटावर सैल पट्ट्याचे घड्याळ. ज्युनिअर मुलांना ते चारचौघांत बोलत. कुणाची चूक सापडली की त्यांना होणारा आनंद ते लपवत नसत. मूळ गाव देगलूर, सीमेवरचे. लहानपणी बाजारात कानावर पडलेल्या तेलुगूतला एकच शब्द त्यांनी आयुष्यभर जपला होता: ‘लेदू’. म्हणजे नाही. पडद्यावर काही शोधायचे, सापडले नाही की मान हलवत म्हणायचे, “लेदू.” त्यावर वाद नसे. त्यांनी लेदू म्हटले की ती गोष्ट घडलेली नाही असे आम्ही धरून चालत असू.

फाटकावर ये-जा नोंदवण्याचे रजिस्टर होते. नियम सगळ्यांना होता, पाळणारे थोडे होते. संपादक हात दाखवून आत जात. नागनाथराव समोरच्या टपरीवर चहाला गेले तरी जाताना सही करीत, येताना सही करीत, घड्याळात बघून वेळ लिहीत. वॉचमन गफूरचाचा वैतागे. “क्या साब, चायला गेले तरी सही? वही भरून टाकली तुम्ही एकट्यानं.”

“भरू द्या चाचा. वही भरायलाच असती.”

एकच गाडी त्या फाटकावर थांबत नसे, भाऊंची. भाऊ म्हणजे दैनिकाचे मालक. त्यांची गाडी वळणावर दिसली की चाचा फाटक उघडून उभा राही. त्यांच्या सहीचा प्रश्न कधी कुणाच्या डोक्यातही आला नाही. नागनाथराव त्या वेळी आवारात असले, तर हातातला चहाचा कप खाली ठेवून उभे राहत. भाऊंसमोर ते कधी खुर्चीत बसले नाहीत. त्याला कारण होते. डिप्लोमा घेऊन सायबर कॅफेत बसणाऱ्या या मुलाला भाऊंनी ऑपरेटर म्हणून घेतले होते, पुढे शिकायला हैदराबादला पाठवले होते. नागनाथरावांच्या पत्नीचे मोठे दुखणे निघाले, तेव्हा भाऊंची गाडी ड्रायव्हरसह दवाखान्याच्या दारात उभी असे. त्या बाई वाचल्या नाहीत. पण ती गाडी नागनाथराव विसरले नाहीत.

नगरपालिकांच्या निकालाच्या दिवशी आमची साइट भर दुपारी कोसळली. लोक निकाल बघायला आले आणि पांढरे पान बघून गेले. नागनाथराव एकेका सर्व्हरमध्ये शिरून त्याची नोंद वाचत बसले. प्रत्येक यंत्र आपण काय केले ते ओळीओळीने लिहीत असते, पण लिहिते ते स्वतःपाशीच. एकाची ओळ वाचायची, मग दुसऱ्याकडे जाऊन त्याच वेळेची ओळ शोधायची. शोध लागेपर्यंत मिरवणुका संपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ते भाऊंच्या केबिनमध्ये उभे राहिले. आम्ही दोघे-तिघे तिथे होतो.

“भाऊ, आपला किनवटचा वार्ताहर बातमी लिहून घरीच ठेवाय लागला तर पेपर निघंल का?”

“नाही निघायचा.”

“मशीनी तेच करून राहिल्यात. ज्यानं त्यानं आपल्या घरी लिहून ठेवायचं. आन् मशीन मेली की तिनं लिहिलेलं बी तिच्यासंगं गेलं. मला सगळ्यांच्या बातम्या एका डेस्कवर पाहिजेत. घडलं की लगेच. मी एका जागी बसून वाचणार.”

भाऊ हसले. “म्हणजे तू यंत्रांचा संपादक.”

“हाव.”

मंजुरी मिळाली. त्यांनी प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम बसवला. यंत्राने ओळ लिहिली की तो ती उचलून पाठवायचा; यंत्रापाशी प्रत उरत नसे. सगळ्या ओळी जमा करणारे एक वेगळे यंत्र उभे केले, त्याचे नाव अर्थात नांदेड. तिथे शोधता येत होते, आलेख काढता येत होते. जागा संपत आली किंवा पाने उघडायला उशीर होऊ लागला, की इशारा थेट त्यांच्या फोनवर येई. सुरुवातीला त्यांनी इशारे कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडले होते. ‘कंधार नव्वद टक्के भरले’ या इशाऱ्याला कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले, एकाने ‘अभिनंदन’ लिहिले. तेव्हापासून इशारे त्यांच्या एकट्याच्या फोनवर येऊ लागले.

सगळ्या ओळी पहिल्यांदा एकत्र आल्या, तेव्हा लातूरच्या सर्व्हरच्या नोंदी कशाशीच जुळेनात. त्याचे घड्याळ परदेशी वेळेवर चालले होते. दोन्ही आवृत्त्यांच्या फोनवरच्या बैठकीत नागनाथरावांनी जाहीर केले, “लातूर साडेपाच तास मागं हाय.”

नांदेड आणि लातूर यांच्यातली चढाओढ मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पलीकडून लातूरच्या आवृत्तीप्रमुखांचा आवाज चढला. “मागं? बारावीचे निकाल काढून बघा आधी, कोण मागं हाय ते.”

“निकाल बरोबर असतील साहेब,” नागनाथराव शांतपणे म्हणाले, “घड्याळ चुकीचं हाय.”

मग न्यूजरूमच्या भिंतीवर मोठा टीव्ही लागला. त्यावर ओळी सरकत राहत. कोण आत आले, कुणी कोणती बातमी उघडली, कुणी बदलली, कुणी साठवली. यंत्रांसाठी उभी केलेली गोष्ट माणसांवर कधी वळली, ते आमच्या लक्षात आले नाही. आले तेव्हा ती दत्तावर वळलेली होती.

दत्ता नांदेड डेस्कवरचा उपसंपादक. किनवटच्या वार्ताहराच्या बातम्या उशिरा चढतात, म्हणून त्याने आपला पासवर्ड त्याला देऊन टाकला होता. माणसाची सोय केली, एवढेच. टीव्हीवर दत्ताचे नाव एकाच वेळी दोन ठिकाणांहून सरकू लागले. नागनाथराव केबिनमधून बाहेर आले आणि भर न्यूजरूममध्ये म्हणाले, “दत्ता, तू हितं बी हायस आन् किनवटला बी. चहा कोणत्या दत्ताला पाजू?”

सगळे हसले. दत्ताही हसला. नंतर त्याच्या हातात नोटीस आली आणि त्याला डेस्कवरून वितरण विभागात पाठवले गेले. तो नागनाथरावांच्या दारात येऊन उभा राहिला. “आधी मला एक शब्द बोलायचं होतं नागनाथराव. गुपचूप.”

“मी कुठं काय केलं? मी लिहिलं न्हाई, मशीननं लिहिलं.”

“मशीन तुमचीच की.”

“मशीनला तू कोण, मी कोण, कळत न्हाई. तेच तर तिचं चांगलं हाय.”

हे ते मनापासून म्हणाले होते. म्हणून पुढचे सांगणे भाग आहे.

एका सकाळी भाऊ पाहुण्यांना घेऊन न्यूजरूम दाखवायला आले. टीव्हीसमोर थांबले. ओळी सरकत होत्या. मुद्रितशोधक, उपसंपादक, जाहिरात विभागातला मुलगा, आणि त्यांच्यामध्ये एक ओळ: भाऊ, कंधार, बातमी उघडली. त्यांनी सकाळी घरून काहीतरी वाचले असावे. पाहुण्यांपैकी एकाने ते वाचून दाखवले. भाऊ हसून म्हणाले, “नागनाथ, आम्हालाही हजेरीवर घेतलं का रे?”

एवढेच. आवाजात राग नव्हता. पाहुणे पुढे गेले. नागनाथराव मात्र जागच्या जागी उभे होते. आपल्याच थोरल्या भावाला दारात अडवून ओळख विचारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

दुपारी त्यांनी न्यूजरूममध्ये येऊन सांगितले, “भाऊंचं नाव आता दिसणार न्हाई.” त्यांनी हे लपवून केले नाही. अभिमानानेच सांगितले. कंधारवरून ओळी उचलणाऱ्या त्या प्रोग्रामला त्यांनी एक नियम घातला होता: भाऊंच्या नावाची ओळ आली की ती तिथेच टाकून द्यायची. पुढे पाठवायची नाही.

मी विचारले, “टीव्हीवरून काढलं, की नोंदीतूनच?”

“नोंदीतूनच.”

“टीव्हीवरून काढलं असतं तरी चाललं असतं.”

ते माझ्याकडे वळले. खुर्चीत असते तर वळले नसते. “मालकाची हजेरी मांडत बसायची का आपण? फाटकावर चाचा मांडतो का? काही रीतभात हाय का न्हाई?”

कुणी त्यांना हे करायला सांगितले नव्हते. भाऊंना त्याचा पत्ताही नसावा. ज्या माणसाने दत्ताला सोडले नाही, स्वतःच्या चहालाही सोडले नाही, त्याने एका माणसापुरते फाटक उघडे ठेवले, आणि ते अदबीने.

वैशाली लातूरची बातमीदार. तिशीच्या आतली. नागनाथरावांना ती ‘काका’ म्हणे, आणि लातुरातून फोन करताना पहिले वाक्य वेळेचे बोले. “काका, दहा वाजून वीस मिनिटांपासून फोटो चढेना.” त्यामुळे ती त्यांची लाडकी होती. “ह्या एका पोरीला रिपोर्टिंग येतंय,” असे ते आम्हाला ऐकवत.

लातूरमध्ये बाहेरगावच्या मुलींचे एक खासगी वसतिगृह होते. मेसमधले जेवण जेवून तिथल्या मुलींना उलट्या झाल्या, काही दवाखान्यात दाखल झाल्या. वैशालीने दवाखान्यात जाऊन मुलींशी आणि पालकांशी बोलून बातमी केली. वसतिगृहाचे नाव बातमीत होते. सकाळी ती छापून आली आणि साइटवरही होती. त्याच वसतिगृहाची पानभर जाहिरात प्रवेशाच्या दिवसांत आमच्या पहिल्या पानावर येत असे, हेही इथे नोंदवायला हवे.

दुपारी साइटवरची बातमी बदललेली होती. वसतिगृहाचे नाव गेले होते. त्या जागी ‘एका वसतिगृहात’ असे आले होते. शेवटी एक वाक्य वाढले होते: ‘विद्यार्थिनींनी बाहेरचे पदार्थ खाल्ल्याचे समजते.’ वर वैशालीचे नाव तसेच होते.

तिला हे कळले ते एका मुलीच्या वडिलांकडून. मुदखेडजवळचे शेतकरी. मुलीच्या उशाशी बसून त्यांनी बातमी वाचली आणि तडक लातूरच्या कार्यालयात आले. फोन तिच्यासमोर धरला. “माझी लेक बाहेर काय खाल्ली, बाई? तुमी माझ्याशीच बोलून गेल्ता की. माझ्या तोंडावर लिहून घेतलं. मग हे कुणाच्या तोंडचं हाय? किती भेटले?”

वैशालीने ते तिथेच पाहिले, तिथेच बातमी उघडली, ते वाक्य काढले, नाव परत घातले आणि साठवली. त्या घाईत केलेली ही गोष्टच तिच्यावर उलटली. आमच्या प्रणालीत बातमीखाली फक्त शेवटचा बदल करणाऱ्याचे नाव राहत असे. आता तिथे तिचे नाव होते. बदललेल्या बातमीचे फोटो तोवर शहरभर फिरले होते. कार्यालयात अर्थ असा निघाला, की तिनेच पैसे घेऊन बदलले आणि बोभाटा झाल्यावर परत फिरवले.

मधला बदल कुणी केला, हे फक्त एका ठिकाणी कळू शकत होते. तिने नागनाथरावांना फोन केला. “काका, तुमच्याकडं सगळं असतंय ना?”

“असतंय,” ते म्हणाले. “बघून सांगतो.”

ते केबिनचे दार लावून बसले. बाहेर आले तेव्हा ‘लेदू’ म्हणाले नाहीत.

बैठक भाऊंच्या केबिनमध्ये झाली. संपादक, मनुष्यबळ विभागाचे व्यवस्थापक, लातूरचे आवृत्तीप्रमुख, नांदेड डेस्कचा प्रमुख म्हणून मी, वैशाली आणि नागनाथराव. वैशाली सकाळच्या बसने लातूरहून आली होती. नागनाथराव नेहमीप्रमाणे उभे होते.

भाऊ म्हणाले, “नागनाथ, तुझ्या नोंदी काय सांगतात?”

“सकाळी बातमी डेस्कनं चढवली. दुपारी वैशालीनं बदलली.”

“मधे?”

“मधी एक बदल झालाय.”

“कुणी केला?”

नागनाथरावांनी घड्याळाकडे पाहिले. “त्याची नोंद नाही.”

वैशाली पहिल्यांदा बोलली. “नोंद नाही म्हणजे काय काका? तुमच्या हितं कोण किती वाजता फोटो उघडतंय, ते सुद्धा असतंय. एवढी एकच कशी नाही?”

यंत्रणेला एकच नाव टाकून द्यायला सांगितले होते. बाकी प्रत्येकाची ओळ तिथे असायलाच हवी होती. ओळ नव्हती, म्हणजे ते एकच नाव उरत होते. त्या खोलीत वैशाली आणि भाऊ सोडले, तर हा नियम प्रत्येकाला माहीत होता. भाऊंना तोवर माहीत होता की नाही, हे मला सांगता येत नाही. नागनाथरावांकडे ते अगदी सरळ पाहत होते.

“सांग ना,” भाऊ म्हणाले. “ती विचारतेय. का नाही नोंद?”

नागनाथराव म्हणाले, “तांत्रिक अडचण आहे.”

‘हाय’ नाही. ‘आहे’. छापलेल्या सूचनेसारखे.

सगळे टेबलाकडे बघत होते. वैशाली एकेकाचा चेहरा बघत गेली. मग तिने पर्स उचलली. तिच्याकडे राजीनामा मागितला गेला, तिने तो दिला. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर छोटा खुलासा आला, त्यात ‘वार्ताहराकडून झालेल्या चुकीबद्दल’ असे शब्द होते. लातुरात दुसऱ्या कोणत्याही दैनिकाने तिला घेतले नाही. फोटो सगळ्यांनी पाहिले होते.

आठवडा झाला नसेल, नागनाथरावांनी तो नियम काढून टाकला. कुणाला सांगितले नाही. टीव्हीवर एकदम ओळ आली: भाऊ, कंधार, बातमी उघडली. न्यूजरूममधले टंकलेखन थांबले. थोड्या वेळाने भाऊ खाली आले. टीव्हीसमोर उभे राहून त्यांनी दोन-चार ओळी वाचल्या.

“बरं चाललंय ना, नागनाथ?”

“हाव भाऊ.”

दुसऱ्या दिवशी त्या टीव्हीवर वृत्तवाहिनी लागली होती. रिमोट मनुष्यबळ विभागात होता. पाठोपाठ आदेश आला, की क्लाउडचे भाडे फार होते, जुन्या नोंदी साठवून ठेवू नयेत, फक्त त्या दिवसाच्या ठेवाव्यात. रोज पुसायचे. ते पुसण्याची व्यवस्थाही नागनाथरावांनीच लावली आणि नीट लावली. ती एकदाही चुकली नाही.

त्यांना कुणी काढले नाही. पगारवाढ मिळाली. केबिनला वातानुकूलन आले. ‘साइट बंद पडली’ असे सांगत कुणी आत गेले, तर ते आता “बघतो” म्हणत. वेळ विचारीत नसत. डेस्क पुन्हा ‘तांत्रिक अडचणीमुळे’ लिहू लागला. ते खोडायला कुणी आले नाही. ‘असे समजते’वरही कुणी बोलेना. आमची भाषा आम्हाला परत मिळाली.

पुढच्या वर्षी लातूरच्या कार्यालयातले काम होते म्हणून ते आणि मी एकाच गाडीने गेलो. परतताना त्यांनी गाडी एका गल्लीशी थांबवायला सांगितली आणि मला म्हणाले, “चला. एकटं जाववत न्हाई.”

वैशाली घरीच शिकवण्या घेत होती. मुले नुकतीच गेली असावीत, सतरंज्या पसरलेल्या होत्या. तिने खुर्च्या दिल्या, पाणी आणले. नागनाथराव बसले नाहीत. पाण्याचा तांब्या हातात धरून म्हणाले, “ते भाऊंनी केलं होतं.”

“मला माहीत आहे काका.”

“कवापासून?”

सवयीने तोंडून निघालेला तो प्रश्न ऐकून ती थोडी हसली. “सगळे एकदम टेबलाकडं बघायला लागले ना, तेव्हापासून.”

“मग बोलली का न्हाईस?”

“मी? माझं कोण ऐकणार होतं? तुमच्या शब्दाला किंमत होती. तुम्ही नाही म्हणलं की ते घडलंच नाही, असं होतं तिथं.”

तिने एक सतरंजी गुंडाळून भिंतीशी ठेवली. मग नागनाथराव म्हणाले, “माझ्या बायकोच्या वक्ताला त्यांची गाडी दारात होती, वैशाली. मला उभं केलं त्या माणसानं.”

“हो. आणि मला?” ती म्हणाली. मग आवाज नेहमीचा करून, “त्या मुलीचे बाबा अजून रस्त्यात दिसले तर तोंड फिरवतात. ती मुलगी माझ्याकडं शिकवणीला येणार होती. पाणी प्या काका, धरून काय उभे आहात.”

ते पाणी प्याले. गाडीत त्यांच्या खिशात शेंगा होत्या. नांदेड येईपर्यंत त्यांनी एकही फोडली नाही.

निवृत्तीच्या दिवशी कार्यक्रम झाला. भाऊंनी स्वतः शाल घातली, श्रीफळ दिले. भाषणात म्हणाले, की नागनाथने या संस्थेतल्या प्रत्येक क्षणाची नोंद ठेवली. टाळ्या पडल्या. नागनाथरावांना बोलायला सांगितले, तेव्हा ते उभे राहिले, हात जोडले आणि बसले. भाऊंसमोर खुर्चीत बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले. सत्कारमूर्तीची खुर्ची होती, बसावेच लागले.

संध्याकाळी मी त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेलो. एका हातात नारळ, दुसऱ्यात पुष्पगुच्छ, खांद्यावरून घसरणारी शाल. रजिस्टरपाशी ते थांबले. नारळ काखेत धरून पेन घ्यायला हात पुढे केला.

गफूरचाचा उठून उभा राहिला. त्याने रजिस्टर बाजूला सरकवले आणि फाटक पूर्ण उघडले. गाडीसाठी उघडतात तसे.

“राहू द्या साब. आज तुम्ही सही करणार? आमची इज्जत काय राहील?”

नागनाथरावांचा हात तसाच पुढे होता. त्यांनी चाचाकडे पाहिले, उघड्या फाटकाकडे पाहिले. मला वाटले, आता ते काहीतरी बोलतील. त्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितले. मग हात मागे घेतला, शाल सावरली आणि बाहेर पडले. रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याने त्यांना पाहून वेग कमी केला. ते बसले नाहीत, चालत गेले.

मी माझी सही करायला रजिस्टर ओढले. त्या दिवशीच्या पानावर वरून तिसरे नाव त्यांचे आहे. आत आल्याची वेळ आहे, पुढे सही आहे. बाहेर गेल्याची नोंद नाही.